सुताराचे मुके दप्तर

खंडेनवमीला सुताराच्या घरी हत्यारांची पूजा होते. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किंकरे, गिरमिट अशी सारी मंडळी पाटावर येऊन बसतात. प्रत्येकाला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते. त्या दिवशी हत्याराला काम सांगावयाचे नाही, असा दंडक. आदल्या दिवशी ती धुऊन, पुसून, धार लावून ठेवलेली असतात. ज्या दगडावर ती धार लागली तो दगड मात्र, मी नाट्यात जी घरे पाहिली त्यांत तरी, विहिरीच्या कठड्याशी ओलाच पडलेला असे. त्याला ना पाट, ना फूल. तो हत्यारांत मोडत नाही आणि देवांतही मोडत नाही.

इतिहासाने त्याच्याशी याहून निराळे वर्तन ठेवलेले नाही. मराठ्यांच्या आरमारावर ग्रंथ झाले, किल्ल्यांवर झाले, बंदरांवर झाले. गुराबा किती, गलबते किती, कोणत्या लढाईत किती जळाली, याचे हिशेब लागले. पण त्या गुराबेची प्रत्येक फळी ज्या धारेने तासली, ती धार कोठून आली हे विचारण्याची गरज कोणाला फारशी वाटली नाही. लोखंड लोहाराने दिले, लाकूड रानाने दिले, आणि धार? ती पाण्याने आणि दगडाने दिली. त्या दगडाला जुन्या मराठीत ‘निसणा’ म्हणत. आज हा शब्द ऐकू येत नाही. ‘धार लावायचा दगड’ असे तीन शब्द त्याच्या जागी आपण योजतो. या निसण्याची थोडी वकिली करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाटे हे राजापूर तालुक्यातले गाव. राजापूरची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे एका अंगाला नाटे आणि समोर जैतापूर. नाट्याला यशवंतगड आहे, जवळच आंबोळगड आहे, मुसाकाझीचे बंदर आहे, आणि साखरी नाटे हा मच्छीमारांचा मोठा वसवा आहे. खाडीने आत गेले की तिच्या टोकाशी राजापूर लागते. १६४९ साली इंग्रजांनी तेथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने त्यांनी तोफा डागल्या, त्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर घेऊन आणि वखारीतले इंग्रज कैद करून विचारला. ही हकिकत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण राजापूरचे मिरे आणि कापड ज्या पडावांतून खाडीने खाली येई ते पडाव कोणी तरी बांधले होते, आणि दर पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून कोणी तरी दुरुस्त केले होते, हे आपल्या ध्यानात नसते. बंदर म्हटले की तेथे सुतार आलाच. समुद्रावरचे गाव खलाशांच्या जिवावर चालते हे खरे. पण खलाशी सुताराच्या जिवावर चालतो.

दक्षिणेकडे थोडेसे गेले की विजयदुर्ग. तेथून वाघोटणच्या खाडीत जरा आत मराठ्यांची गोदी खडकात खोदलेली आहे. तिची लांबी सुमारे ३५५ फूट भरते. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार त्या खाडीत जळून गेले. पुढे पेशव्यांच्या कारकिर्दीत धुळपांनी तेथेच पुन्हा जहाजे उभी केली. जळण्याला एक दिवस पुरतो. उभारण्याला किती दिवस लागतात, आणि त्या दिवसांतला किती वेळ हत्याराच्या मुखाला धार देण्यात जातो, हे समजून घ्यावयाचे तर आधी लाकडाची ओळख करून घेतली पाहिजे.

जहाजाचे लाकूड म्हणजे साग. तो पाण्यात कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, उन्हात तो फारसा वाकत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी एक सुंदर विचार आहे. रानातला साग लागेल तेवढा, पण परवानगीने तोडावा. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्याचा आशय. तेव्हा आरमाराचा मुख्य भार सागावर. आणि साग हा सुताराचा जितका मित्र तितकाच त्याच्या हत्याराचा वैरी. या झाडाच्या पेशींत सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ. डोळ्यांना ती दिसत नाही, पण रंध्याचे पाते सागावरून काही वेळ चालले की कडेची चमक उडते आणि सुरळीत निघणारे भुसकट तुटक निघू लागते. मऊ लाकडावर दिवसभर टिकणारी धार सागावर तेवढी टिकत नाही. सागाचे जहाज बांधणारा सुतार, म्हणजे दिवसातून अनेकदा हातातले काम ठेवून दगडाकडे जाणारा माणूस.

यात एक गंमत आहे. धार लावण्याचा जो चांगला नैसर्गिक दगड असतो, त्याच्याही पोटात बहुधा तीच सिलिका असते. गारगोटीच्या बारीक कणांच्या रूपाने. सागातली वाळू धार खाते आणि दगडातली वाळू ती परत देते. सुताराचा सारा दिवस या दोन वाळूंच्या देण्याघेण्यात जातो असे म्हटले तरी चालेल.

आता प्रश्न असा, की हा दगड येतो कोठून? कोकणात दगडाला काय तोटा, असे घाटावरच्या वाचकाला वाटेल. पण नाट्याच्या सड्यावर पाय ठेवला की तो सारा जांभा. जांभा घराच्या भिंतीला चांगला, विहिरीला चांगला. याच तालुक्यात बारसूच्या आणि देवीहसोळच्या सड्यांवर त्याच जांभ्यात प्राचीन माणसांनी चित्रे कोरून ठेवली, आणि ती कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत जाऊन बसली. पण जांभा धारेला निरुपयोगी. त्याच्या अंगाला छिद्रे, आत कोठे माती, कोठे लोखंडाची गाठ. पटाशी त्यावर घासली तर सुधारण्याऐवजी दातरी पडावयाची. जांभ्याखाली सह्याद्रीचा काळा दगड आहे. तो दाट आहे, सपाट फुटतो, आणि कोयती-विळ्याला तो चालतो. परंतु त्यात मोकळी गारगोटी जवळजवळ नसते. त्याचे खनिज कठीणपणात सहाच्या आसपास, आणि पाणी दिलेले पोलाद त्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून थोडे वरचढच. दोन समबल मल्लांची कुस्ती जशी रेंगाळते तसे ते काम रेंगाळते. बारीक धारेला वालुकाश्म पाहिजे किंवा कुरुंद पाहिजे. वालुकाश्म सिंधुदुर्गात उघडा पडलेला आहे. कुरुंद त्याहून दूर, दक्षिणेत म्हैसूर आणि सेलमच्या बाजूला. म्हणजे नाट्याच्या सुताराचा दगड हा बहुधा बाहेरून आलेलाच असला पाहिजे, आणि जड वस्तू आणण्याचा स्वस्त मार्ग त्या काळी एकच होता, तो पाण्याचा. ज्या गलबतांना धार पाहिजे, तीच गलबते धारेचा दगड घेऊन येत.

कुरुंद या शब्दाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. संस्कृतात ‘कुरुविंद’, तमिळमध्ये ‘कुरुंदम्’, मराठीत ‘कुरुंद’. हिऱ्याखालोखाल कठीण असा हा दगड. मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये लावलेल्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांत तो नवव्या पायरीवर आहे. माणिक आणि नीलम हे याचेच श्रीमंत भाऊबंद. सिकलगार आणि जवाहिरे कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिचे चाक बनवीत आणि त्या चाकावर तलवारी व रत्ने घासून काढीत. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रजाने आशियातून आलेल्या या दगडावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि आपला दक्षिणी शब्द ‘कोरंडम’ या नावाने युरोपच्या शास्त्रात रूढ झाला. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन याने विजेच्या भट्टीत माती आणि कोळसा तापविला, तेव्हा काही चकाकते स्फटिक हाती आले. हे कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे असे वाटून त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. प्रत्यक्षात त्यात कोरंडम नव्हताच. तो सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग निघाला. नाव मात्र टिकले. १९५४ मध्ये मद्रासेस कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली, आणि एका अंगाने जाडा व दुसऱ्या अंगाने बारीक असा काळपट कारखानी दगड भारतातल्या गावोगावच्या सुताराच्या पेटीत येऊन पडला. आपल्याकडून निघालेला शब्द शंभर-दीडशे वर्षांनी परदेशाची टोपी घालून परत आला, त्याची ही कथा.

दगड हाती आला म्हणजे धार आली असे मात्र नाही. मधला दुवा पाण्याचा आहे. आपण म्हणतो, दगडावर धार लावली. वस्तुतः धार लागते ती दगड आणि पोलाद यांच्यामध्ये जो पातळ रेंदा तयार होतो त्यात. पाण्याचा दगड सच्छिद्र असतो. आधी तो पाण्यात बुडवून ठेवतात. त्यातून बुडबुडे निघावयाचे थांबले की त्याची तहान भागली असे समजावे. मग वर पाणी शिंपडून पाते घासू लागले म्हणजे दगडाचे कण सुटे होतात, पाण्यात मिसळतात आणि पोलादाला खात राहतात. जुने बोथट झालेले कण वाहून जातात, खालचे ताजे कण वर येतात. दगड स्वतः झिजतो म्हणूनच तो पोलादाला झिजवू शकतो. जो दगड झिजत नाही त्याच्या छिद्रांत लोखंडाचा कीस भरतो आणि तो आरशासारखा गुळगुळीत होऊन बसतो. मग त्यावर कितीही घासा, हत्यार नुसते घसरते.

पटाशीचा उतार साधारण पंचवीस ते तीस अंशांचा असतो. तो सगळा उतार दगडावर टेकला पाहिजे, पुढची कडही आणि मागची टाचही. हात वर-खाली झाला की उताराला पोट सुटते आणि पोट सुटलेली पटाशी लाकडात शिरण्याऐवजी वर येते. घासता घासता पलीकडच्या अंगाला अगदी बारीक लव उलटते. बोट कडेवरून बाहेरच्या दिशेला फिरविले म्हणजे ती लागते. ही लव म्हणजे काम पुरे झाल्याची खूण. मग पाते उलटे करून, पाठ दगडावर सपाट टेकवून दोनचार हलके हात द्यावयाचे, नंतर बारीक दगडावर हाच क्रम, आणि शेवटी तळहातावर किंवा चामड्यावर फिरवून लव पाडून टाकावयाची. मनगटावरचा केस सहज उतरला की धार बसली.

येथे आपल्या भाषेने एक मोठी खुबी साधली आहे. पोलाद तापवून विझविणे याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. लोहार पटाशी लाल करून पाण्यात बुडवितो. ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. मग पुन्हा हलकी तापवून, पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबवितो. त्या वेळी उष्णता सुमारे २३० अंश असते. हे झाले हत्याराचे पाणी. आता हीच पटाशी कोरड्या फिरत्या चाकावर धरा. ठिणग्यांचा सुंदर फुलबाजा उडतो, मुले खूश होतात, आणि तेवढ्यात पातळ कडेची उष्णता ३०० अंशांच्या घरात जाऊन ती निळी पडते. निळी पडली म्हणजे तिचे पाणी उतरले. दिसावयाला धार आहे, पण सागावर चार हात चालवली की वाकते. रस्त्यावरचा धारवाला सायकलच्या चाकावर आपली विळी घासून देतो ते ठीक. भाजी चिरावयाला तेवढे पुरते. सुतार मात्र आपली पटाशी सहसा त्याच्या हाती देणार नाही. लोहाराने पाण्याने दिलेली वस्तू पाण्यानेच राखावयाची, हे त्याला शास्त्र न शिकता ठाऊक असते.

हे ज्ञान एकट्या कोकणाचे नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मृत्यू पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथात निसण्यांची जातवारी दिली आहे. क्रीटचे दगड तेलावर चालतात, नॅक्सॉस बेटाचे पाण्यावर; आणि न्हाव्याच्या दुकानात थुंकीवर चालणारे दगडही असतात, असे तो सांगतो. नॉर्वेत आइड्सबोर्ग येथल्या खाणींतले दगड आठव्या शतकापासून समुद्रमार्गे दूरदूरच्या बाजारात जात होते. तेथल्याही दर्यावर्दी लोकांना लाकडी जहाजे बांधावयाची होती. जपानात तर क्योतोच्या आसपासच्या डोंगरांतले दगड पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. जाडा, मधला आणि शेवटच्या हाताचा अशा तीन जाती त्यांनी ठरविल्या. शेवटच्या जातीचा उत्तम दगड सुतार आपल्या मुलाकडे ठेव म्हणून देई. त्या खाणी आता बहुतेक बंद पडल्या आहेत. लोखंड शोधण्याच्या फार आधी आपल्या दक्षिणेत बळ्ळारीजवळ संगनकल्लू येथे नवाश्मयुगातली माणसे काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवीत आणि खडकावर घासून त्यांना धार आणीत. घासून पडलेले ते खळगे आजही पाहावयास मिळतात. म्हणजे निसणा हा पोलादाहून वडील आहे.

संगनकल्लूचे खळगे पाहिले की मला नेहमी वाटते, आपण दगडांवरची अक्षरे वाचावयास शिकलो, पण दगडांची झीज वाचावयास शिकलो नाही. मोडी दप्तरात सुताराचे नाव आले तर ते बहुधा रोजमुऱ्याच्या एका ओळीत येते. त्याने काय केले हे तो लिहीत नसे. त्याच्या हातात बोरू नव्हता, पटाशी होती. परंतु त्याने रोज एका जागी, एकाच रीतीने हात चालविला, आणि त्या हाताची नोंद दगडावर होत गेली. जुना निसणा म्हणजे सुताराचे दप्तरच. फक्त ते मुके आहे. आपण बोलते करावयास हवे.

ते कसे वाचावे याचा एक लहानसा पाठ देतो. कोकणातल्या जुन्या घरांत असे दगड अजून सापडतात. वाचकांनी स्वतः पडताळा पाहावा. एखादा दगड मुठीत मावण्याएवढा लहान असतो आणि चहूअंगांनी गोल झिजलेला असतो. तो वाकसाचा दगड. वाकस आणि कुऱ्हाड ही जड हत्यारे; त्यांना दगडावर नेण्यापेक्षा दगडच त्यांच्या कडेवरून फिरविणे सोपे. होड्या आणि गलबते तासणाऱ्याच्या कमरेला किंवा पेटीत असा दगड असावयाचा. दुसरा दगड लांबट, विटेसारखा, खाली बैठक असलेला. हा रंध्याच्या पात्याचा आणि पटाशीचा. त्याच्या मध्यभागी लांब, रुंद पन्हळ पडली असेल तर मालकाने पाते नुसते पुढे-मागे चालविले, कडांचा उपयोग केला नाही. पन्हळ एका बाजूला तिरकी गेली असेल तर हाताचा जोर त्या बाजूला होता. अंगावर बोटभर रुंदीच्या चिंचोळ्या खाचा असतील तर तो गोल किंकऱ्यांनी नक्षी कोरणारा होता. देवळाच्या खांबांना किंवा देव्हाऱ्याला त्याचा हात लागला असेल. आडव्या, अनियमित ओरखड्यांचा खळगा दिसला तर समजावे, की सुतार गेल्यावर दगड स्वयंपाकघराच्या मालकीचा झाला आणि त्यावर विळी-कोयती घासली गेली.

आणि क्वचित असा दगड सापडतो, की तो अर्ध्याने झिजून पातळ झाला आहे, तरी त्याचे अंग तळ्याच्या पाण्यासारखे सपाट आहे. तो ज्याचा, तो उस्ताद. कारण दगड आपोआप सपाट राहत नाही. त्याला पुन्हा पुन्हा दुसऱ्या दगडावर घासून सपाट करावे लागते. यातही एक मर्म आहे. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एकाला पोट आणि दुसऱ्याला खळगा पडून ते एकमेकांत छान बसतात, पण सपाट होत नाहीत. तीन दगड घेऊन पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर असे आळीपाळीने घासले तर मात्र तिघेही सपाट होण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही. १८४० मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने लोखंडी तबकड्या निर्दोष सपाट करण्यासाठी हीच तीनाची युक्ती विद्वानांच्या सभेत मांडली आणि तिच्यावर अचूक यंत्रांचे एक युग उभे राहिले. जे सपाट करावयाचे त्यासाठी आधी काही सपाट असावेच लागते, हा पेच तिने सोडविला.

वकिली करताना प्रतिपक्षाचा पुरावाही पुढे ठेवला पाहिजे. सुतार अगदीच निनावी राहिला असे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक लहानसा शिलालेख आहे. धेनुकाकट गावचा वढकी सामि, वेणुवासाचा पुत्र, याने हे दार केले, असे त्यात प्राकृतात कोरलेले आहे. वढकी म्हणजे संस्कृतातला वर्धकि, आणि आपल्या वऱ्हाड-नागपुराकडचा वाढई. ‘सुतार’ हा शब्द सूत्रधारापासून, म्हणजे लाकडावर दोरी धरून रेघ मारणाऱ्यापासून आला. सुमारे दोन हजार वर्षांमागे एका वाढयाने आपले आणि बापाचे नाव दगडावर नोंदवून घेतले. त्याच चैत्याच्या छताला सागाच्या वाकविलेल्या फासळ्या आजही आहेत. त्या फासळ्यांना ज्या वाकसाने आकार दिला तो वाकस गेला, ते लाकूड राहिले, सामीचे नाव राहिले. एवढ्यावरून सर्व सुतारांना न्याय मिळाला असे मानणे मात्र, एका थेंबावरून खाडीची भरती ठरविण्यासारखे होईल.

मुंबईच्या गोदीचे उदाहरण घ्या. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजे बांधली. त्यांतले १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे टिकलेल्या त्या लाकडाचे कौतुक होते ते योग्यच. बांधणाऱ्या घराण्याचे नाव राहिले, हेही योग्य. पण ज्या शेकडो हातांनी त्याच्या फळ्या एकमेकींत केस शिरणार नाही अशा बसविल्या, त्यांची नावे कोठे आहेत? फळी अशी बसते ती धारेने. बोथट रंधा लाकूड कापीत नाही, चेपतो. चेपलेले लाकूड पाण्यात गेले की फुगते, आणि फुगलेला सांधा उघडतो. जहाज टिकले याचा अर्थच असा, की त्याच्या सुतारांनी दगडाकडे जाण्याचा कंटाळा केला नाही.

आज नाट्याच्या खाडीत फायबरच्या होड्या दिसतात. त्यांना तासावयाचे नसते. साच्यात ओतून त्या तयार होतात. त्या हलक्या आहेत, त्यांना किडा लागत नाही, आणि ज्याचे पोट मासळीवर आहे त्याने त्या का घेऊ नयेत? घराच्या दारे-खिडक्यांना विजेचा रंधा आला. त्याची पाती बोथट झाली की फेकून नवी बसवितात. सुताराची पाठ मोडावयाची, ती आता कमी मोडते. या बदलाविरुद्ध गाऱ्हाणे मांडणे मला शोभणार नाही. गाऱ्हाणे आहे ते निराळे. पूर्वी धार ही कोणी विकत आणीत नव्हते. ती रोज नव्याने करावी लागे, आणि ती करता करता मुलगा बापाकडून लाकडाचा, लोखंडाचा आणि आपल्या मनगटाचा स्वभाव शिके. पाते फेकून देता येऊ लागले तेव्हा ही शाळा बंद झाली, आणि बंद झाल्याची नोंदही कोणी केली नाही.

अशी शाळा बंद पडली की काय होते, याचा प्रत्यय अलीकडेच आला. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात पाचव्या शतकातले जहाज रंगविलेले आहे. तसे, फळ्या दोरीने शिवलेले जहाज पुन्हा बांधावे असे ठरले. जुने आराखडे नव्हतेच. हाती होते ते चित्र, आणि केरळात काही कारागिरांच्या बोटांत उरलेली विद्या. गोव्यात ते जहाज त्यांनी सिद्ध केले आणि मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात ‘कौंडिण्य’ या नावाने ते दाखल झाले. नौदलाला, शास्त्रज्ञांना आणि सरकारला एवढा खटाटोप करून जे मिळवावे लागले, ते त्या बोटांत फुकट साठलेले होते. बोटे नसती तर चित्र नुसते चित्रच राहिले असते.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत, माळ्यावर किंवा परसात, मधोमध झिजलेला एखादा दगड हाती लागला तर त्याला पायरीखाली चेपू नका. तो धुवा, उन्हात वाळवा, पन्हळ कोणत्या बाजूला आहे ते पाहा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हा कोणाचा, आणि त्याने काय काय केले. नाव कळले तर ते एका कागदावर लिहून दगडापाशी ठेवा. गावातल्या शाळेत एखादे कपाट रिकामे असेल तर तेथे द्या. मग त्याच्यावर पाणी शिंपडून घरातलीच एखादी सुरी एकदा घासून पाहा. दगड अजून काम करतो असे बहुधा दिसेल.